दाराआडच्या नजरेची साठ वर्षे

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील जमैका वस्तीत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने, इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ असलेले आपले पती अल्बर्ट ब्राउन यांच्यासह, १ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात जो अर्ज गुदरला, तेथपासून घरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचा इतिहास धरावा, असे मला वाटते. कॅमेऱ्याने दुरून पाहण्याची युक्ती त्यापूर्वीची खरी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पेनेम्युंडे येथे अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून न्याहाळण्यासाठी ती वापरली होती. परंतु राहत्या घराच्या दाराशी ती आली ती ब्राउनबाईंच्या गरजेपोटी. पतिपत्नींच्या कामाच्या वेळा विषम, वस्तीत गुन्ह्यांचे प्रमाण वाढते, आणि वर्दी दिली तरी पोलीस वेळेवर पोहोचतील याची शाश्वती नाही, अशा स्थितीत रात्री एकट्या असलेल्या स्त्रीने दारावर थाप पडल्यास काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या हातांनी घडविले.

ती रचना तपशिलाने सांगण्याजोगी आहे. दाराला एकाखाली एक अशी चार छिद्रे. सर्वांत वरचे उंच माणसाच्या चेहऱ्याशी येणारे, सर्वांत खालचे लहान मुलाच्या. दाराच्या आतल्या अंगास एक पेटी, आणि त्या पेटीत मोटारीच्या साहाय्याने वरखाली सरकणारा कॅमेरा, जो हव्या त्या छिद्राशी आणून थांबविता येई. त्याने टिपलेले चित्र बिनतारी मार्गाने आतल्या खोलीतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर उमटे. बाहेरच्या माणसाशी दार न उघडता बोलण्याची सोय होती. माणूस ओळखीचा निघाल्यास बसल्या जागेवरून कुलूप उघडणारी एक कळ आणि धोका दिसल्यास मदत मागविणारी दुसरी कळ हाताशी होती. २ डिसेंबर १९६९ रोजी ३४८२०३७ या क्रमांकाचे पेटंट त्यांना मिळाले. छिद्रांच्या चार उंचींचा विचार जिने केला तिला दारात येणारी माणसे ठाऊक होती, हे तर उघडच आहे. पण माझ्या मते याहूनही मोठी गोष्ट अशी की, जिला भीती वाटत होती तीच पाहणारी, तीच प्रश्न विचारणारी आणि तीच निर्णय घेणारी होती. पुढल्या साठ वर्षांत या यंत्राची किंमत उतरली, चित्र स्वच्छ झाले, साठवणूक अफाट वाढली. मात्र हा अधिकार घरच्या माणसाच्या हाती राहिला की नाही, याच एका कसोटीवर मी त्या साऱ्या प्रगतीचे मोजमाप करतो.

ब्राउन दांपत्याची योजना त्या काळी घरोघर पोहोचणे शक्यच नव्हते. तेव्हाचा कॅमेरा व्हिडिकॉन नावाच्या काचेच्या नळीवर चाले; ती नळी महाग, आणि तिला एकाच दृश्याकडे दीर्घकाळ रोखून ठेवले तर त्या दृश्याचा डाग तिच्यावर कायमचा बसे, म्हणजे ज्या कामासाठी पहाऱ्याचा कॅमेरा हवा त्याच कामाने तो निकामी होई. यावरील उपाय योगायोगाने पेटंट मिळाले त्याच वर्षी, १९६९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचला. प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करणारी त्यांची सीसीडी ही सिलिकॉनची चकती पुढे नळीची जागा घेऊन बसली, आणि त्याबद्दल त्यांना २००९ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मधल्या काळात व्हिडिओ फितीमुळे चित्र साठविता येऊ लागले; पण ती सोय प्रथम बँका, सराफी पेढ्या आणि मोठी दुकाने यांनी उचलली. तेथे कॅमेरा मालकासाठी होता, आणि त्याच्यापुढे वावरणारा माणूस गिऱ्हाईक तरी असे किंवा नोकर तरी.

यंत्र पुन्हा सामान्य माणसाच्या हाती येण्यास संगणक कारण झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्देत्स्की यांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याचे करड्या रंगातील, मिनिटाला तीनएक वेळा बदलणारे चित्र सहकाऱ्यांच्या पडद्यावर पोहोचविणारी छोटी प्रणाली स्वतः लिहिली. भांडे रिकामे की भरलेले एवढेच त्यातून कळे. परंतु एक कॅमेरा, एक संगणक आणि आपण लिहिलेल्या चार ओळी यांच्या बळावर दूरची जागा नजरेत ठेवता येते, हा आत्मविश्वास त्यातून हौशी मंडळींना मिळाला. फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधून विजेवर चालणारी हत्यारे चोरीस गेली आणि त्या अनुभवातून झोनमाइंडर ही पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांची प्रणाली जन्मली. २००२ पासून ती सर्वांना विनामूल्य आणि तिच्या संपूर्ण संहितेसह खुली आहे.

या काळातील प्रणालींची हालचाल ओळखण्याची रीत सरळ होती: लागोपाठच्या दोन चित्रांतील ठिपक्यांची तुलना करावयाची, आणि ठरविलेल्या मर्यादेहून अधिक ठिपके बदलले की नोंद सुरू करावयाची. ही रीत माणूस जाणत नाही, केवळ बदल जाणते. झाडाची सावली हलली, ढग सूर्यावरून सरकला, रस्त्यावरील मोटारीच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून फिरला, की इशारा. आणि रात्रभर निष्कारण इशारे देणाऱ्या यंत्राकडे घरचा माणूस लवकरच लक्ष देईनासा होतो. म्हणून जाणते लोक चित्राचे भाग पाडून फाटक व पायरी एवढीच क्षेत्रे जागती ठेवीत आणि झाडाचा भाग वगळीत. ही आखणी त्या घरात राहणाराच नीट करू शकतो. त्या अंगणात दुपारी चार वाजता सावली कोठे पडते हे बाहेरच्या तंत्रज्ञास ठाऊक नसते.

आपल्याकडे कॅमेऱ्याचा विषय घरोघर बोलला जाऊ लागला तो २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील कॅमेऱ्यांनी टिपलेले हल्लेखोर साऱ्या देशाने पाहिले. पुढे २०१० साली पुण्यात जर्मन बेकरीचा स्फोट झाला. आणि शहरे, पाठोपाठ गृहनिर्माण संस्था, त्यांच्या पाठोपाठ स्वतंत्र घरे कॅमेऱ्यांचा बंदोबस्त करू लागली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली येथे चार कॅमेरे, चित्रे साठविणारा एक डीव्हीआर, बारा व्होल्ट वीज पुरविणारा एसएमपीएस, ‘थ्री प्लस वन’ केबलचे भेंडोळे आणि मूठभर बीएनसी पिना असा संच मिळू लागला, आणि थोडेफार विजेचे काम जाणणारा कोणीही गृहस्थ रविवारी शिडी लावून तो स्वतः बसवू लागला.

या स्वहस्ते केलेल्या जोडण्यांनी जे शिकविले ते माहितीपत्रकांत नव्हते. पहिली शिकवण रात्री मिळे. दिवसा निर्मळ दिसणारे चित्र अंधार पडताच थरथरू लागे किंवा मिनिटामिनिटाला नाहीसे होई, कारण अंधारात कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे पेटतात, विजेची मागणी वाढते, आणि लांबवर नेलेल्या बारीक तारेत बारापैकी दोनतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. दुसरी शिकवण पावसाळ्याची: उघड्यावरचा जोड पहिल्या पावसात तग धरतो, पण सप्टेंबरात उघडून पाहावा तर आतले तांबे हिरवे पडलेले असते, म्हणून जोड बंद डबीत घ्यावा आणि तारेला डबीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. तिसरी कोळ्याची. कॅमेऱ्याच्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांपाठी कोळी येतो, आणि काचेपुढे विणलेला त्याचा एकेक धागा अवरक्त प्रकाशात पांढऱ्या दोराएवढा जाड दिसून सारे फाटक झाकून टाकतो. वाऱ्याने तो हलला की रात्रभर हालचालीच्या नोंदी. दिवा कॅमेऱ्यापासून चार हात दूर, वेगळ्या खुंटीवर लावणे हा त्यावरचा खात्रीचा इलाज होय. भारनियमनाच्या काळात तर ट्यूबलाइट व पंखे इन्व्हर्टरवर आणि डीव्हीआर मात्र नुसत्या मीटरवर, असा प्रकार अनेक घरांत आढळे, आणि अंधाराच्या तासांत पहारा उठलेला असे.

परंतु सर्वांत अधिक निराशा भिंगाने केली आहे, आणि येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. अनोळखी माणसाचा चेहरा निश्चितपणे ओळखता यावा यासाठी, आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे २५० ठिपके लागतात. १९२० ठिपके रुंदीचे चित्र घेतले तर असे दृश्य पावणेआठ मीटरांहून रुंद असून चालत नाही. संचात हटकून मिळणारे २.८ मिलिमीटरचे भिंग इतकी रुंदी तीन मीटर अंतरावरच गाठते. म्हणजे गच्चीच्या कोपऱ्यातून सारे आवार एका नजरेत दाखविणारा कॅमेरा, कोणीतरी आले होते एवढेच सांगतो. कोण, ते सांगत नाही. एक कॅमेरा आवारासाठी उंचावर आणि एक दाराशी, चेहऱ्याच्या उंचीच्या आसपास, अशी विभागणी ज्यांनी केली त्यांनाच चोरीनंतर उपयोगी पडणारे चित्र मिळाले. साठवणुकीचेही तसेच. सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी व्यापतो, चार कॅमेरे ८६. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरून जुने पुसू लागते, आणि मे महिनाभर गावी गेलेल्या कुटुंबाच्या घरी पहिल्या आठवड्यात चोरी झाली असेल तर परतल्यावर त्या रात्रीचा मागमूस उरलेला नसतो.

२०१२ साली आलेला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि पुढील वर्षी त्याच्यासाठी निघालेला २५ डॉलरचा कॅमेरा यांनी हौशी माणसाला मोठे बळ दिले. पण याच सुमारास घरचे कॅमेरे आंतरजालास जोडण्याची लाट आली आणि तिच्याबरोबर या इतिहासातील काळे प्रकरण. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लक्षावधी कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कोणत्याही गूढ विद्येने नव्हे. कारखान्यात घातलेली साठएक नावे व संकेतशब्द यांची यादी घेऊन ती दारोदार फिरली, आणि मालकांनी ते कधी बदललेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर केलेल्या हल्ल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे कित्येक तास अमेरिकेतील असंख्य लोकांना मिळेनाशी झाली. घरच्या रक्षणासाठी लावलेली यंत्रे परक्याच्या हुकमाने चालली होती, आणि त्यांच्या मालकांना त्याची वार्ताही नव्हती.

चित्रे दूरच्या कंपनीच्या गोदामात ठेवण्याच्या पद्धतीविषयी माझे मत कठोर आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये घरचे कॅमेरे विकणाऱ्या रिंग या कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत असे नमूद आहे की, तेथील एका कर्मचाऱ्याने स्त्री ग्राहकांच्या शयनगृहांतील व स्नानगृहांतील हजारो चित्रफिती पाहिल्या. कंपनीने ५८ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. एकट्या स्त्रीला निर्धास्त झोप लागावी म्हणून जे यंत्र निर्माण झाले, त्याचा हा शेवट पाहून ज्याला संताप येत नाही त्याला या विषयात लिहिण्याचा अधिकार नाही असे मी म्हणेन. सुदैवाने उलट दिशेचे कामही त्याच वेळी झाले आहे: फ्रिगेटसारख्या खुल्या प्रणाली आता माणूस, मांजर व मोटार यांतील भेद घरातल्याच संगणकावर ओळखतात, आणि चित्राला उंबरठा ओलांडण्याचे कारण उरत नाही.

घरीच ठेवलेल्या चित्राला न्यायालयात किंमत यावी यासाठी मालकाची जबाबदारीही वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये अशा पुराव्याबरोबर दाखला द्यावा लागतो आणि त्यात फाइलीचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. ते त्या फाइलीच्या बोटाच्या ठशासारखे असून एक ठिपका बदलला तरी वेगळे येते. रेकॉर्डरचे घड्याळ वीस मिनिटे मागे असेल तर फिर्यादीतील वेळ आणि चित्रावरील वेळ जुळत नाही, आणि विरुद्ध पक्षाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो.

शेवटचा प्रश्न घराच्या आतला आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालविणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग होय, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा भांडणातून नव्हे, मायेतून उद्भवतो. मुले अमेरिकेत, आईवडील पुण्यात, आणि दिवाणखान्यात मुलाने मागच्या खेपेस स्वतः बसवून दिलेला कॅमेरा, जो वडिलांचे पडणे-झडणे कळावे म्हणून आहे, पण त्याच्यापुढे आईला पदर सावरून बसावे लागते आणि कामाला येणाऱ्या बाईला तो आपल्यावरच रोखलेला वाटतो. काही घरांनी यावर तोड काढली आहे: त्या एका कॅमेऱ्याच्या विजेला वेगळे बटण देऊन ते वडिलांच्या खुर्चीशी आणले आहे. वायरमनला त्यास अर्धा तास पुरतो. बटण केव्हा बंद झाले आणि केव्हा लागले याची वेळ रेकॉर्डरच्या नोंदीत राहते, म्हणून मुलाला काळजी वाटलीच तर तो फोन करून विचारू शकतो.