शंभर दाण्यांची चाचणी

मागच्या भागात सकारात्मकतेच्या नावाखाली होणाऱ्या उपदेशाबद्दल लिहिले. ‘चांगला विचार करा, चांगलेच होईल’ हे वाक्य जून कोरडा चाललेला असताना परभणी जिल्ह्यात कुणाला ऐकवून पाहा! म्हणून आज गोष्ट दुसऱ्या टोकाने धरू. मनाने उभारी धरली की हात चालतात, असे आपण मानतो. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा हात आधी चालतात, मन मागून येते. सुटका न होणारा त्रास सोसलेली जनावरे पुढे वाट मोकळी असूनही हलत नाहीत, हे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये दाखवले. हताशा शिकली जाते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. २०१६ मध्ये त्याच दोघांनी तो फिरवला. संकट लांबले की गप्प पडून राहणे ही मूळ वृत्तीच आहे. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. आणि हे भाषण ऐकून शिकता येत नाही.

ते करूनच शिकावे लागते; शेतातलेच एक उदाहरण घेऊ. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेडगाव लागते. (वेड पांघरून जायचे ते हे नव्हे, ते श्रीगोंद्याकडचे.) या भागातल्या काळ्या रानात खरिपाची मोठी भिस्त सोयाबीनवर. २०२० च्या खरिपात बियाणे उगवलेच नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे पुन्हा. यावर मे महिन्यात घरच्या घरी एक काम करता येते. गोणपाट भिजवून पसरायचे, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची. पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने चांगले कोंब मोजायचे. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. मळणीयंत्र जास्त वेगाने फिरले किंवा पोत्यांची थप्पी उंच लागली की आतला अंकुर दुखावतो, दाणा मात्र वरून धडधाकट दिसतो. डोळ्याने कळत नाही ते मोजल्यावर कळते. सोयाबीनचे वाण सरळ असल्याने घरचे बियाणे दोन-तीन हंगाम वापरता येते. त्यामुळे ही चाचणी खरेदीचाही खर्च वाचवू शकते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही, भाव नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, तरी बाजारात सोयाबीन त्याखाली विकले गेले. अशा वेळी गोणपाटाचे गोडवे गाणे म्हणजे व्यवस्थेचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे नव्हे का? पुढाकाराचा अर्थ ‘सगळे तुझ्याच हातात’ असा लावला तर नक्कीच तसे होईल, आणि तसा अर्थ लावणारे व्याख्याते कमी नाहीत. पण जो आधी मोजतो त्याची तक्रार दुबळी होत नाही, उलट तिला धार येते. विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर दाणे जपून ठेवले असतील तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे बोलायला आधार असतो. नुसत्या संतापाचा पंचनामा होत नाही. भावाची लढाई संघटनेने लढायची आहे, गोणपाटाने नव्हे; पण दुबार पेरणीत मोडलेला माणूस त्या लढाईला तरी कुठल्या बळावर येणार?

तेव्हा मृग लागण्याची वाट पाहू नका, याच आठवड्यात गोणपाट भिजवा. सत्तर किंवा जास्त कोंब आले तर एकरी तीस किलोने पेरा, त्याखाली आले तर बियाणे वाढवा, आणि साठच्याही खाली गेले तर ते पोते पेरणीसाठी काढू नका.