डोक्याला पिवळा रंग चढत नाही

परवा बहिणीकडे गेलो तेव्हा दिवाणावर कुस्ती रंगली होती. थोरल्या भाच्याने धाकट्याला उचलून गादीवर आपटले. धाकट्याचे डोके दिवाणाच्या लाकडी कडेपासून जेमतेम चार बोटांवर पडले. मी ओरडलो, तर थोरला शांतपणे म्हणाला, ‘मामा, काही होत नाही. त्याचं अजून पिवळंसुद्धा झालेलं नाही.’

हे ‘पिवळं’ म्हणजे काय ते समजून घ्यायला मला त्यांच्या शेजारी बसून गेम पाहावा लागला. डब्ल्यूडब्ल्यूई टूके मालिकेत पैलवानाच्या शरीराचे छोटे चित्र दिसते. डोके, धड, हात, पाय. ज्या भागाला मार बसेल तो आधी पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी लाल होतो. त्यामागे साधे गणित असते. समजा, एका डावाचे मूळ मोल १० गुण. मारणारा ताकदवान असेल तर ते १२ होते, झेलणारा चिवट असेल तर पुन्हा ९ वर येते. उरलेले गुण त्या-त्या अवयवाच्या खात्यात जमा होतात. प्रत्येक गेमचे सूत्र वेगळे असते, पण साचा साधारण हाच.

इतर मारामारीच्या गेममध्ये पट्टी शून्यावर आली की खेळ संपतो. इथे तसे नाही. तीन आकडे मोजेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचे खांदे टेकवून ठेवावे लागतात किंवा त्याला शरण आणावे लागते. डॅमेज जितका जास्त, तितके त्याला निसटणे अवघड. (आपल्या मातीतल्या कुस्तीत हा हिशेबच नाही. पाठ लागली की चितपट. मार किती बसला हे कोणी विचारत नाही.)

या प्रकारातला मला सर्वांत शहाणा वाटलेला गेम जपानी आहे. ‘फायर प्रो रेसलिंग’ ही मालिका १९८९ पासून चालू आहे. तिच्यात पडद्यावर पट्टीच नसते. ताकद, जिद्द आणि दम यांचे आकडे आत चालू असतात. मान, हात, कंबर आणि पाय यांचा हिशेब वेगळा. पैलवान धापा टाकू लागला, उठायला वेळ घेऊ लागला की खेळणाऱ्याने ओळखायचे. शिवाय ‘क्रिटिकल’ नावाची एक शक्यता असते. चांगली चाललेली लढत एखाद्या फटक्यात तिथेच संपते.

पण गेम कोणताही असो, डॅमेज ठरतो तो मुख्यतः डावाच्या नावावरून. शरीर हिशेब करते ते कसे पडलो यावरून. एक मीटर उंचीवरून पडणारे डोके टेकताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असते. ते थांबायला १० सेंटीमीटर अंतर मिळाले, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १० पट बसतो. तेच एका सेंटीमीटरात थांबले, तर १०० पट! डाव तोच, उंची तीच. फरक फक्त गादी आणि फरशीचा. व्यावसायिक पैलवान हनुवटी छातीला लावून, सपाट पाठीवर पडायला शिकतात ते यासाठीच. त्यांच्या रिंगणाच्या फळ्याही थोड्या लवचिक असतात. दिवाणाची कड लवत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. गेममध्ये डोके हा हातापायासारखाच एक अवयव. थोडा वेळ मार चुकवला की बरे वाटू लागते. मेंदूचे तसे नाही. धक्क्याने तो कवटीत हलतो, वळतो, पिळवटतो. याला कन्कशन म्हणतात. बहुतेकांची शुद्ध हरपतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असे वाटते. ख्रिस्तोफर नोविन्स्की हा डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान २००३ मध्ये असा धक्का बसल्यावरही काही आठवडे लढत राहिला. डोकेदुखी थांबेना, कारकीर्द संपली. पुढे त्याने याच विषयावरच्या संशोधनाला वाहून घेतले. २०१० मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने डोक्यावर खुर्ची मारण्यावर बंदी घातली. गेममधल्या खुर्च्यांपेक्षा ही बातमी मुलांना सांगण्यासारखी आहे.

घरात असा प्रसंग आलाच तर मूल रडायचे थांबले म्हणून खेळ पुन्हा सुरू करू देऊ नये. त्या दिवशी खेळ बंद. पुढचे एक-दोन दिवस धावपळ नको, मोबाइलही कमी. पूर्ण बरे होण्यापूर्वी डोक्याला दुसरा धक्का बसणे सर्वांत धोक्याचे असते. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोलण्यात गोंधळ, दोन बुबुळांचा आकार वेगवेगळा दिसणे किंवा हलवूनही नीट जागे न होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

हे सगळे मी थोरल्याला सांगितले. शंभर पटीचे गणित त्याला आवडले. त्याने लगेच पट्टी आणून गादीची जाडी मोजली, मग कडेची. ‘मामा, लाकूड किती सेंटीमीटर दबतं?’

मी म्हटले, ‘दाबून बघ.’ त्याने अंगठ्याने जोर लावून पाहिला. संध्याकाळी दोघांनी मिळून गादी ओढत खोलीच्या मधोमध आणली.