पडद्यापलीकडच्या डॉक्टरचा मेहनताना

कोयनेच्या खोऱ्यात आषाढाचा पाऊस कोसळू लागला, की कोयनानगरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतील रोग्याला पाटण नाहीतर कराड गाठण्यात पैसा तर लागतोच, शिवाय सबंध दिवस मोडतो. म्हणून मोबाइलवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या खाजगी कंपन्यांचा त्याला आधार वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या पडद्यापलीकडच्या डॉक्टरची नोकरी कसली असते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

वास्तविक पुष्कळदा ती नोकरी नसतेच. करारनाम्यात 'सल्लागार' असा मानाचा हुद्दा असतो. पण दरमहा मुशाहिऱ्याऐवजी दर सल्ल्यामागे ठरीव रक्कम मिळते, तीतून दहा टक्के प्राप्तिकर आगाऊ कापला जातो, आणि भविष्यनिर्वाह निधी, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी यांचा मागमूसही नसतो. जबाबदारी मात्र पुरती त्याचीच. कारण २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार समोरासमोरच्या तपासणीची व्यावसायिक नीती दूरस्थ सल्ल्यासही लागू आहे.

भातलावणी करून आलेल्या बाईला ताप भरला, तर तो स्क्रब टायफसचा आहे काय, हे पाहण्यासाठी काखेत किंवा कमरेशी दडलेला काळ्या खपलीचा व्रण शोधावा लागतो, आणि रेंज येत-जात असलेल्या मोबाइलवर ते दुरापास्तच. "ताई, आधी आरोग्य केंद्रात जाऊन अंग तपासून घ्या," असे सांगण्याची मुभा तत्त्वांनी डॉक्टरला दिली आहे. पण जेथे मिळकत सल्ल्यांच्या संख्येवर आणि पुढचे काम रोग्यांनी दिलेल्या तारकांवर ठरते, तेथे बारीक चौकशीत वेळ जातो, औषध न मिळालेला रोगी रुष्ट होतो, आणि प्रामाणिकपणाची तोशीस डॉक्टरलाच लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीत टॅक्सी व खाद्यपदार्थ पुरवणाऱ्या मंचांच्या पंक्तीस आरोग्यसेवाही आहे, आणि अशा मंचांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरावी, अशी तरतूद आहे. ती स्वागतार्ह खरी. तथापि निधीने म्हातारपणाची तजवीज झाली, तरी घाईने दिलेला सल्ला सुधारत नाही. त्यासाठी मेहनताना डोकी मोजून नव्हे, तर वेळ मोजून द्यावा, आणि 'प्रत्यक्ष दाखवा' या सल्ल्याचेही पुरते दाम करारातच लिहावे. वाचकांनीही चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहावा, आणि 'दवाखान्यात जा' असे सांगणाऱ्या डॉक्टरच्या तारका कापू नयेत.