कीटक प्रतिकर्षके

त्वचेवर किंवा कपड्यांवर लावली असता चावणाऱ्या व रक्त शोषणाऱ्या कीटकांना दूर ठेवणारी रासायनिक द्रव्ये. कीटकनाशके कीटकांचा नाश करतात. प्रतिकर्षके त्यांना न मारता केवळ शरीरावर बसू अथवा चावू देत नाहीत. घरात जाळावयाच्या अगरबत्त्या, विजेवर तापविण्याच्या वड्या व द्रव यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके असतात. बंद खोलीत त्यांचा उपयोग होतो, पण शेतात, रानात किंवा तलावाकाठी वाऱ्यामुळे त्यांची वाफ टिकत नाही. म्हणून उघड्यावर वावरणाऱ्या माणसाला अंगावर लावावयाच्या प्रतिकर्षकांचाच विचार करावा लागतो. गोचीड व माइट हे प्राणी शास्त्रीय दृष्ट्या कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातील आहेत; तथापि त्यांच्यावरही हीच द्रव्ये वापरली जात असल्याने त्यांचा समावेश येथे केला आहे.

कार्य : डासाची मादी माणसाचा शोध मुख्यतः गंधावरून घेते. उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, घामातील लॅक्टिक अम्ल, त्वचेची उष्णता व आर्द्रता यांची जाणीव तिला शृंगिका व मुखांगांवरील संवेदनाग्रांमुळे होते. प्रतिकर्षकाची वाफ या गंधज्ञानात व्यत्यय आणते. शिवाय लेप दिलेल्या त्वचेवर डास टेकलाच, तर त्या स्पर्शानेही तो न चावता उडतो. वाफेचा थर त्वचेपासून फारच थोड्या अंतरापर्यंत परिणामकारक असतो. त्यामुळे हाताला मलम लावले आणि घोटा उघडा राहिला, तर डास घोट्याला चावतो. मनगटावर बांधावयाच्या सुगंधी पट्ट्या निरुपयोगी ठरतात त्याचे कारण हेच होय.

इतिहास : धूर करून डास पळविण्याची रीत फार जुनी आहे. विदर्भातील खेड्यांत गोठ्यापाशी कडुनिंबाचा पाला व गोवऱ्या जाळून धूर करतात. त्याने डास काही काळ हटतात, पण डोळे व फुप्फुसे यांना तो अपायकारक असतो. संश्लेषित (कृत्रिम रीतीने बनविलेल्या) प्रतिकर्षकांचा मोठ्या प्रमाणावरील वापर दुसऱ्या महायुद्धात सुरू झाला. उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांना हिवताप व स्क्रब टायफस या रोगांपासून वाचविण्यासाठी डायमिथिल थॅलेट व तत्सम द्रव्ये देण्यात आली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने डायएथिल टोल्युअमाइड (डीट) हे द्रव्य स्वीकारले आणि १९५७ पासून ते नागरिकांना मिळू लागले. त्यानंतरच्या द्रव्यांची तुलना आजही डीटशीच केली जाते. भारतात ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने डायएथिल फिनिल ॲसिटामाइड (डेपा) हे द्रव्य विकसित केले.

प्रमुख द्रव्ये : (१) डीट : डास, वाळूमाशी, चिगर व काही अंशी गोचीड यांवर परिणामकारक. ते प्लॅस्टिक, चष्म्याच्या चौकटी, घड्याळाच्या काचा, रेयॉन व रंगलेप यांना खराब करते. सुती व लोकरी कापडास मात्र अपाय करीत नाही. (२) डेपा : परिणामकारकतेत डीटच्या जवळपास असून भारतीय सेनादलांसाठी वापरले गेले आहे. (३) डायएथिल बेंझामाइड : भारतातील दुकानांत सर्वत्र मिळणाऱ्या काही मलमांत ते सु. १२ टक्के असते. (४) पिकारिडीन : मिऱ्यातील पायपरीन या द्रव्याशी याच्या संरचनेचे नाते आहे. ते जवळजवळ गंधहीन व चिकटपणा नसलेले असून प्लॅस्टिकला अपाय करीत नाही. त्याचे २० टक्के मिश्रण डीटच्या तोडीचे ठरते. (५) आयआर ३५३५ : ॲलॅनीन या ॲमिनो अम्लाशी संबंधित असलेले सौम्य द्रव्य, अल्प प्रमाणात असल्यास याचा परिणाम लवकर ओसरतो. (६) पीएमडी : लिंबाचा वास असलेल्या निलगिरीच्या तेलावर प्रक्रिया करून मिळविलेले द्रव्य. बाजारात मिळणारे साधे निलगिरी तेल म्हणजे पीएमडी नव्हे.

वनस्पतिज तेलांपैकी सिट्रोनेला व गवती चहा यांची तेले अतिशय बाष्पनशील असल्याने लवकर उडून जातात. निंबोळी तेलाचा अनुभव काहीसा वेगळा आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगांत खोबरेल तेलात २ टक्के निंबोळी तेल मिसळून लावल्यास हिवतापाच्या डासांपासून चांगले संरक्षण मिळाल्याचे आढळले. डेंग्यूच्या डासांविरुद्ध ते तितके मिळाले नाही. स्वस्त व सहज मिळणारे म्हणून त्याचा उपयोग आहे, पण रोगाची साथ असताना केवळ त्यावर विसंबून राहणे हितावह नाही. लसूण किंवा ब जीवनसत्त्व खाल्ल्याने आणि श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणांनी डास दूर राहतात, हा समज प्रयोगांत खरा ठरलेला नाही.

तीव्रता व संरक्षणकाल : वेष्टनावरील टक्केवारी म्हणजे औषधाचा जोर, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः टक्केवारीवरून संरक्षण किती वेळ टिकेल हे ठरते. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात डीटच्या सु. २४ टक्के मिश्रणाने सरासरी ५ तास, तर सु. ५ टक्के मिश्रणाने दीड तासाच्या आसपास संरक्षण दिले. सिट्रोनेलायुक्त मिश्रणांचा परिणाम २० मिनिटांच्या आतच संपला. डीटचे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे वाढविल्याने संरक्षणकाल फारसा वाढत नाही.

हे आकडे प्रयोगशाळेतील आहेत. घाम, पाऊस, कपड्यांचे घर्षण आणि वारा यांमुळे प्रत्यक्षात काल कमी होतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास तो सु. निम्म्यापर्यंत घटू शकतो. नागपूरसारख्या उष्ण प्रदेशात आणि विशेषतः पावसाळ्यातील उकाड्यात घामाने भिजून काम करणाऱ्या मजुराने वेष्टनावरील वेळेआधीच पुन्हा लेप द्यावा हे श्रेयस्कर.

नागपूर परिसरातील निवड : कोणते प्रतिकर्षक घ्यावे हे कोणता कीटक, कोणत्या प्रहरी आणि किती वेळ भेटणार यांवरून ठरवावे लागते. या दृष्टीने नागपूर व त्याभोवतालचा पूर्व विदर्भ हा प्रदेश उद्‌बोधक आहे. कारण तेथे भिन्न सवयींचे अनेक रोगवाहक एकत्र आढळतात.

(अ) एडीस ईजिप्ती हा डेंग्यू व चिकुनगुनिया यांचा वाहक डास दिवसा चावतो; सकाळी सूर्योदयानंतर व दुपार उलटल्यावर त्याचा उपद्रव अधिक असतो. त्याची पैदास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात होते. उन्हाळ्यानंतर कूलरच्या टाकीत राहून गेलेले पाणी त्याला फार सोयीचे असते. शाळकरी मुले, बांधकाम मजूर व अंगणात वावरणाऱ्या स्त्रिया यांना मलम सकाळीच लावणे आवश्यक ठरते. रात्री लावलेल्या मलमाचा या डासापुढे उपयोग नाही.

(आ) क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस हा हत्तीरोगाचा वाहक घाण पाण्यात वाढतो व संध्याकाळपासून रात्रभर चावतो. सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाग नदीकाठच्या वस्त्यांत किंवा तलावाकाठी संध्याकाळी फिरणाऱ्यांना एक-दोन तासांपुरते साधे मलम पुरते. नागपूर जिल्हा हत्तीरोगप्रवण असल्याने २०१९ मध्ये तेथे तीन औषधांच्या सामुदायिक उपचाराची मोहीम हाती घेण्यात आली होती.

(इ) हिवतापाचे वाहक ॲनॉफेलीस डास रात्री चावतात. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर असून तेथील जंगलातील संथ ओढ्यांत ॲनॉफेलीस फ्लुव्हिॲटिलिस याची पैदास होते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीला जाणारा शेतकरी सबंध रात्र उघड्यावर काढतो. त्याला १२ टक्क्यांचे मलम एकदा लावून भागत नाही. अधिक काळ टिकणारे द्रव्य, मध्यरात्री दुसरा लेप आणि माळ्यावर बांधलेली कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी या तिन्हींची जोड हवी [→ हिवताप].

(ई) वाळूमाशी डासाहून पुष्कळच लहान असून साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरते. मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत ती वाढते. तिच्यामुळे पसरणारा चंडीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) वेगळा केला व त्यास तेथील चंडीपुरा या स्थानाचे नाव मिळाले. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातेत या विषाणूमुळे मुलांमध्ये मेंदुज्वर होऊन अनेक बालके दगावली. वाळूमाशीवर डीट परिणामकारक आहे. परंतु ती घरातच रात्री चावत असल्याने भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर ठेवणे व भिंतींवर कीटकनाशक फवारणे या उपायांना अग्रस्थान द्यावे लागते.

(उ) चिगर म्हणजे विशिष्ट माइटच्या अळ्या. त्या गवताच्या पात्यांवर बसून राहतात व जवळून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर चढतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ज्वर होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात या रोगाचा उद्रेक होऊन मृत्यूही झाले. गवत कापणाऱ्या व गुरे चारणाऱ्या व्यक्तींना याचा धोका विशेष असतो. येथे प्रतिकर्षक केवळ त्वचेवर लावणे अपुरे असते. पायघोळ कपड्यांच्या कडा, मोजे व कमरपट्ट्याची जागा यांवरही ते लावावे. परमेथ्रिन हे द्रव्य कपड्यांवर लावल्यास काही धुण्यांपर्यंत टिकते व चिगर आणि गोचीड यांना मारते. ते त्वचेवर मात्र लावू नये. रानातून आल्यावर कपडे बदलून स्नान करणे आणि गवतात थेट न बसणे या साध्या सवयीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

ताडोबा, पेंच व नवेगाव-नागझिरा येथील वनांत फिरणारा पर्यटक बहुधा कोरड्या ऋतूत व मोटारीतून फिरतो. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचे गाभाक्षेत्र पर्यटनास बंद असते. वनरक्षक, गुराखी, धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रिया यांना मात्र त्याच ऋतूत चिखलात व गवतात राहावे लागते. उत्तम प्रतिकर्षके महाग व शहरी दुकानांपुरतीच मिळत असल्यामुळे ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचतात. सार्वजनिक वाटपाने ही उणीव काही अंशी भरून काढता येते. कर्नाटकात गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाच्या प्रदेशात ग्रामस्थांना डायमिथिल थॅलेट तेल वाटण्यात येत असे. हाच रोग गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरातही आढळला असून तेथे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना अशा संरक्षणाची गरज असते.

वापरण्याची रीत : लेप पातळ पण सलग असावा, जाड थर दिल्याने अधिक लाभ होत नाही. कान, मान, घोटे व पावलांचा वरचा भाग विसरू नये. डोळे, ओठ, जखमा व कपड्याखाली झाकलेली त्वचा यांवर ते लावू नये. फवाऱ्याचे द्रव्य चेहऱ्यावर थेट न फवारता आधी तळहातावर घ्यावे. ऊनरोधक मलम लावावयाचे असल्यास ते आधी व प्रतिकर्षक नंतर लावावे. घरी परतल्यावर साबणाने अंग धुवावे. लहान मुलांच्या हातांना ते लावू नये, कारण मुले हात तोंडात घालतात. दोन महिन्यांहून लहान बालकांना डीट लावू नये, त्यांना मच्छरदाणीतच ठेवावे. मोठ्या मुलांसाठी डीटचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत असावे. पीएमडी तीन वर्षांखालील मुलांना वर्ज्य समजतात. सूचनेप्रमाणे वापरल्यास डीटचे दुष्परिणाम विरळ असतात. पोटात गेल्यास किंवा अतिरेकी वापर झाल्यास मात्र झटके येण्यासारखे गंभीर परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत.

मर्यादा : प्रतिकर्षकामुळे व्यक्तीचे रक्षण होते, वस्तीचे नव्हे. एका माणसापासून परतविलेला डास शेजारी लेप न लावलेल्या माणसाकडे वळू शकतो. पाणी साचू न देणे, कूलरच्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासणे, फवारणी व मच्छरदाण्या यांची जागा प्रतिकर्षके घेऊ शकत नाहीत [→ डास]. लेप नियमाने लावूनही पावसाळ्यात रानातून परतल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप आल्यास, अंगावर वेदनारहित काळी खपली दिसते का हे पाहून वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लीन हे औषध वेळेवर दिल्यास रोगी बहुधा बरा होतो.