फुगलेली बॅटरी: टाचणी, फ्रीज आणि इतर घरगुती उपाय

टचपॅड दाबला जात नाही, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. अशी तक्रार घेऊन ठाण्या-डोंबिवलीतल्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्याला बहुधा टचपॅड किंवा बिजागरी बदलून हवी असते. खालचं कव्हर उघडलं की खरं दुखणं कळतं. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी सहसा टचपॅड आणि तळहात टेकवायच्या जागेखालीच बसवलेली असते. ती फुगून वरचा भाग उचलून धरते. अशा वेळी टचपॅड जोर लावून दाबणं म्हणजे त्या बॅटरीलाच चेपणं.

बॅटरीच्या आत दोन इलेक्ट्रोड असतात, त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि सगळ्यात मुरलेला, पेट घेऊ शकणारा एक द्रव असतो. वय, उष्णता किंवा कारखान्यात राहिलेला दोष यांमुळे या द्रवाचं विघटन होतं आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, मिथेन, हायड्रोजन असे वायू तयार होतात. जुन्या जाडजूड लॅपटॉपमध्ये १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या धातूच्या नळकांड्या असत. त्यांचं दुखणं बाहेरून दिसत नसे. आताचे सेल ॲल्युमिनियमच्या पातळ पाकिटात बंद असतात, म्हणून ते फुगलेले दिसतात. खरं तर ही सोयच म्हणायची, कारण निदान इशारा तरी मिळतो.

तरी सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य असतं, ‘थोडीच फुगलीय, बॅकअप तर चांगला देतेय.’ बॅकअप आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतला पडदा ताणला गेलेला असला, थर एकमेकांपासून सरकलेले असले, तरी बॅटरी आठवडेच्या आठवडे चालू शकते. फुगलेली बॅटरी लगेच फुटेल असंही नाही. बऱ्याचशा फुगलेल्या बॅटऱ्या काहीही न होता बदलल्या जातात. पण तयार झालेला वायू परत द्रव होत नाही, आणि पुढचं चार्जिंग त्यात भरच घालतं. फुगवटा दिसला की चार्जर काढायचा आणि लॅपटॉप बंद करायचा. नुसतं झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप बंद नसतो, तेव्हा शट डाऊनच करायचं.

आता टाचणी. बारीक भोक पाडून वायू सोडायचा आणि वर चिकटपट्टी लावायची, हा उपाय व्हिडिओंतून फिरत असतो आणि हातात कसब असलेली माणसंच त्याला भुलतात. पाकिटाच्या आत लगेच पडदा आणि इलेक्ट्रोडचे थर सुरू होतात. टाचणी अर्धा मिलिमीटर जास्त गेली की दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात, शॉर्टसर्किट होतं, आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतोय तिथेच ठिणगी तयार होते. टाचणी बरोबर बसली तरी हवेतला दमटपणा आत जातो. द्रवातला क्षार पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड बनवतो. तो डोळ्यांना, फुप्फुसांना घातक आहे. खाडीकाठच्या आपल्या हवेत दमटपणाला तोटा नाही.

फ्रीजचा उपाय त्याहून निरर्थक. थंडीने वायूचं आकारमान किंचित घटतं, बाहेर काढल्यावर बॅटरीवर दव धरतं आणि काही वेळात फुगवटा होता तसा दिसतो. मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी ‘उतरवणं’ही घरी करू नये. मिठाने टोकं गंजतात, आणि ती गंजली की आतला चार्ज तसाच राहून वरून बॅटरी निरुपद्रवी वाटू लागते.

‘रात्रभर चार्जिंगला लावली म्हणून फुगली’ यात अर्धं सत्य आहे. बॅटरी भरली की लॅपटॉपमधलं सर्किट चार्जिंग थांबवतं, त्यामुळे नेहमीच्या अर्थाने ओव्हरचार्ज होत नाही. पण सतत १०० टक्क्यांवर राहणं आणि तापणं, हे दोन्ही एकत्र आले की आतला द्रव लवकर खराब होतो. २०२० नंतर घरून काम सुरू झालं आणि अनेकांचे लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेले राहू लागले. कल्याण-डोंबिवलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, ती चालू करावी. ‘बॅटरी पूर्ण उतरू द्यायची, मगच लावायची’ हा नियम मात्र निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियम-आयनला शून्यापर्यंत नेणं उलट त्रासाचंच असतं.

ब्रँडेड मालाला हे होत नाही, असंही नाही. २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. २०१९ मध्ये ॲपलने २०१५ ते २०१७ दरम्यान विकलेल्या काही १५ इंची मॅकबुक प्रोंबाबत तेच केलं, कारण त्यांच्या बॅटऱ्या जास्त तापून पेटण्याची भीती होती. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते लॅपटॉप विमानात आणू नका, असं प्रवाशांना सांगितलं होतं.

लिथियम म्हटलं की शाळेतला धडा आठवतो, आणि ‘पाणी ओतलं तर स्फोट’ असं वाटतं. या बॅटऱ्यांत मोकळा धातुरूप लिथियम सहसा नसतो. पेटलेली बॅटरी स्वतःच ऑक्सिजन सोडते, म्हणून घोंगडी टाकून ती विझत नाही. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबतात, पण उष्णता राहते आणि बॅटरी पुन्हा पेटते. भरपूर पाण्याने ती थंड होते. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासनही केबिन कर्मचाऱ्यांना हेच सांगतं. मात्र आधी मेन स्विच बंद, मग १०१ वर फोन, आणि धूर कोंडायला लागला तर पाण्याचा नाद सोडून घराबाहेर. हे लॅपटॉपपुरतं. ई-स्कूटरची बॅटरी कितीतरी पट मोठी असते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली अशी बॅटरी फुटून ७ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. तिथे स्वतः काहीही करू नये.

न पेटलेली, नुसती फुगलेली बॅटरी खटका सरकवून निघत असेल तर अलगद काढावी. चिकटवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, ते काम दुकानदाराचं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला कळवून त्यांनाच ठरवू द्यावं. तोपर्यंत तो फरशीवर, पडद्यापासून आणि उन्हापासून लांब ठेवावा. सुटी बॅटरी असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूत, पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता ठेवावी. गोड, थिनरसारखा वास आला तर खिडक्या उघडून दूर व्हावं. आणि असा लॅपटॉप पाठीवर टाकून सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये शिरू नये. मागे एकदा कळव्याला लोकलच्या महिला डब्यात एका प्रवासी महिलेच्या मोबाइलचा स्फोट झाला. कुणी जखमी झालं नाही, पण गर्दीच्या वेळी डब्यात पळायला जागा कुठे असते? दुपारची रिक्षा बरी.

भंगारवाल्याला बॅटरी देणं किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणं म्हणजे धोका दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते, आणि त्याची झळ आधी सफाई कामगाराला बसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा कंपनीचं सेवा केंद्र हा पहिला पर्याय. ई-कचरा संकलनाला न्यायची असेल तर बॅटरी फुगलेली आहे, हे आधी फोन करून सांगावं आणि ती इतर वायरींच्या पोत्यात टाकू नये.

नवी बॅटरी लॅमिंग्टन रोडवर अर्ध्या किमतीत मिळते हे खरं. घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथल्या तिथे तपासावा. क्रमांक नसेल किंवा ॲपमध्ये भलत्याच मालाचं नाव दिसलं, तर दुकानदार कितीही महिन्यांची वॉरंटी देवो, ती बॅटरी घेऊ नये.