गणेशखिंडीतील अदिश क्षेत्रे

खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील दांड फाट्यापासून आत, पाताळगंगेच्या खोऱ्यात वसलेले असून, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यामुळे आणि त्याच्या आगेमागे वाढलेल्या रसायनीच्या औद्योगिक वसाहतीमुळे येथील दोन-तीन पिढ्यांच्या मनात विज्ञान म्हणजे टाक्या, नळ, पाळ्या आणि भोंगा हेच चित्र दृढ झाले आहे. ते चित्र खोटे नव्हे आणि क्षुद्र तर मुळीच नव्हे. भारतीय अग्निबाणांच्या विकास इंजिनात इंधन जाळण्यासाठी जे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड लागते, ते याच कारखान्यात तयार होत आले आहे, आणि ही गोष्ट तालुक्यातील शाळांनी मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे. परंतु बोरघाट चढून पुण्यास गेले म्हणजे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात विज्ञानाचे एक सर्वस्वी निराळे रूप नांदताना दिसते. त्याला ना धूर ना उत्पादन, आणि तरीही विश्व का प्रसरण पावते या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम तेथे तीन तपांहून अधिक काळ अव्याहत चालू आहे.

आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, ही संस्था १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केली. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष यशपाल यांची ही कल्पना, आणि ती अमलात आणण्याचा भार त्यांनी जयंत विष्णु नारळीकर यांच्यावर सोपवला. त्याच वर्षी, त्याच विद्यापीठाच्या आवारात, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्राचा, लोकांच्या तोंडी रुळलेल्या सी-डॅकचा, संसार मांडला गेला. एक संस्था विश्वाची समीकरणे मांडणारी आणि दुसरी समीकरणे सोडवणारे यंत्र घडवणारी. या दोघींचा शेजार कोणी ठरवून घडवला नसला तरी पुढच्या काळाकडे पाहता तो अत्यंत उचित ठरला असे मला वाटते. आयुकाच्या इमारती चार्ल्स कोरिया यांनी रचल्या. काळ्या बेसाल्टच्या भिंतीवर त्याहून काळा कडप्पा, मध्यभागी पायऱ्यांचे कुंड, आणि त्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे, अशी ती वास्तू सरकारी कचेऱ्यांच्या रुक्षपणापासून कटाक्षाने दूर राहिली आहे.

या संस्थेच्या चिंतनविषयांपैकी ज्यास पदार्थविज्ञानात अदिश क्षेत्र म्हणतात, त्याचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे. मोहोपाड्याच्या बाजारात भर दुपारी जे तापमान असते ते पाताळगंगेच्या काठी थोडे निराळे आणि माथेरानच्या पठारावर पुष्कळच निराळे असते; परिसरातील प्रत्येक ठिकाणाला एक आकडा जोडता येतो, परंतु त्या आकड्याला वाऱ्यासारखी दिशा नसते. अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला असा एकेक दिशाहीन आकडा जोडणारी जी भौतिक सत्ता, ती अदिश क्षेत्र. तापमान हे अणुरेणूंच्या हालचालीचे फलित आहे; मूलभूत अदिश क्षेत्र मात्र कशाचे फलित नसून स्वतःच ऊर्जा धारण करते, आणि त्या ऊर्जेच्या गुरुत्वीय परिणामाने सबंध विश्वाची गती बदलू शकते. एवढे सामर्थ्य एका आकड्याच्या अंगी यावे, हे या विषयाचे खरे आकर्षण आहे.

नारळीकरांचा या क्षेत्राशी संबंध आयुकाच्या जन्माहून पुष्कळ जुना. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले आणि बनारस हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख असलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांच्या घरी वाढलेले जयंतराव केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले, तेव्हा स्थिर स्थिती सिद्धांत आणि महास्फोट सिद्धांत यांचा वाद ऐन रंगात होता. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली असे प्रतिपादन केले होते की विश्व प्रसरण पावत असले तरी नव्या द्रव्याची संथ निर्मिती अखंड होत राहते आणि त्यामुळे विश्वाची घनता कायम राहते. ही निर्मिती इतकी मंद की एक घनमीटर जागेत कोट्यवधी वर्षांतून हायड्रोजनचा एखादा अणू उपजावा. कोणत्याही प्रयोगशाळेच्या तराजूला ती गवसणे शक्य नव्हते. परंतु आक्षेपकांचा प्रश्न मोजमापाचा नसून हिशेबाचा होता: शून्यातून द्रव्य आले तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोठे गेला?

हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० नंतरच्या वर्षांत या प्रश्नाचे जे उत्तर सिद्ध केले त्याच्या केंद्रस्थानी एक अदिश क्षेत्र होते. त्यास त्यांनी निर्मितिक्षेत्र, संक्षेपाने सी-क्षेत्र, म्हटले. या क्षेत्राची ऊर्जा ऋण. कण जन्मला की त्याच्या धन ऊर्जेइतकीच भर क्षेत्राच्या ऋण बाजूस पडते आणि जमाखर्च तंतोतंत जुळतो. शिवाय ऋण ऊर्जेचा गुरुत्वीय परिणाम आकर्षणाचा नसून प्रतिकर्षणाचा असल्याने, जे क्षेत्र द्रव्य निर्माण करते तेच विश्वाला प्रसरणही देते. एकाच गृहीतकातून दोन घटनांचा असा उलगडा व्हावा, ही सैद्धांतिक रचनेतील मोठी देखणी गोष्ट होती. त्याच सुमारास, १९६१ साली, मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांच्या गणतीवरून स्थिर स्थितीवर कठोर हल्ला चढवला, तेव्हा गुरुशिष्यांनी संगणकाचाही आधार घेतला आणि यदृच्छेने रचलेल्या कृत्रिम विश्वांत स्रोतांची गणती कशी येते हे ताडून पाहिले. कागदावरील युक्तिवादाला यंत्रावरील प्रतिरूपाची जोड देण्याची ही रीत विश्वशास्त्रात तेव्हा नवीनच होती.

१९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांना सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण सापडले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाच्या बाजूने कौल दिला. नारळीकरांनी आपला पक्ष सोडला नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर-स्थितिसदृश विश्वाची सुधारित मांडणी केली, पण तिलाही बहुमान्यता लाभली नाही. मात्र अदिश क्षेत्राचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९८१ साली ॲलन गुथ यांनी विश्वाच्या आरंभीच्या क्षणी अतिवेगवान प्रसरण झाले असे मांडले, तेव्हा त्याचा चालक म्हणून अदिश क्षेत्रच पुढे आले, या वेळी धन ऊर्जेचे. हॉइल आणि नारळीकर यांनी १९६६ सालीच निर्मिती थांबलेल्या एका प्रदेशाचा बुडबुडा घातांकी वेगाने वाढणाऱ्या विश्वात कल्पिला होता, याचे स्मरण इतिहासकारांनी अधिक आस्थेने ठेवावयास हवे होते. पुढे १९९८ साली दूरच्या अधिनवताऱ्यांवरून प्रसरण त्वरित होत, म्हणजे त्याचा वेग वाढत, असल्याचे उघड झाले, आणि २०१२ साली सर्न येथे हिग्ज कणाच्या रूपाने मूलभूत अदिश क्षेत्राचा पहिला प्रत्यक्ष पुरावा हाती आला. आयुकामध्ये वरुण साहनी यांनी स्टारोबिन्स्की यांच्यासह २००० साली या त्वरणाचे कारण मानल्या जाणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा जो विस्तृत परामर्श घेतला, आणि टी. पद्मनाभन यांनी २००२ साली निराळ्या घडणीच्या अदिश क्षेत्राने त्वरित प्रसरण कसे साधता येईल हे जे दाखवले, ती कामे या परंपरेतीलच होत.

आता यंत्राकडे वळू. संपूर्ण विश्वात क्षेत्राचे मूल्य सारखेच मानले तर त्याचे समीकरण सोपे असते: क्षेत्र आपल्या स्थितिज ऊर्जेच्या उतारावरून खाली येते आणि विश्वाचे प्रसरण त्याच्या गतीस घर्षणाप्रमाणे विरोध करते. एवढे गणित घरच्या संगणकावर क्षणात सुटते. पण क्षेत्रात ठिकठिकाणी चढउतार आहेत असे धरले की अवकाशाचे जाळे कल्पून प्रत्येक गाठीवर हिशेब करावा लागतो. प्रत्येक बाजूस १०२४ गाठी धरल्या तर एकूण गाठी १०७ कोटींहून अधिक होतात. प्रत्येक गाठीवर क्षेत्राचे मूल्य आणि त्याच्या बदलाचा वेग अशा दोन संख्या ठेवल्या तर केवळ त्यांच्यासाठीच सुमारे १६ गिगाबाइट स्मृती खर्ची पडते. जाळे दुप्पट बारीक करा, स्मृती आठपट लागते. आणि गाठी जवळ आल्यामुळे काळाची पावलेही निम्मी करावी लागत असल्याने श्रम सोळापट होतात. एका प्रक्रियकाला हे पेलत नाही. म्हणून जाळ्याचे तुकडे पाडून ते अनेकांस वाटून देतात, आणि प्रत्येक पावलाला शेजारच्या तुकड्याच्या सीमेवरील संख्या मागवून घेतात. येथेच खरी अडचण उद्भवते, कारण ही देवाणघेवाण रेंगाळली तर महागडे प्रक्रियक आकडेमोड सोडून वाट पाहत बसतात. संगणक-प्रणालींवरील संशोधनाचा मोठा भाग या प्रतीक्षेविरुद्धचा लढा आहे.

सी-डॅकने १९९१ साली सादर केलेल्या परम ८००० या यंत्राची घडण या दृष्टीने पाहावी. अमेरिका अतिप्रगत महासंगणक देण्यास राजी नव्हती. तेव्हा भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच बलाढ्य प्रक्रियक मिळवण्याचा नाद सोडून ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकत्र गुंफले. ट्रान्सप्युटरच्या अंगचा गुण असा की शेजाऱ्यांशी थेट बोलण्यासाठी चार दुवे त्याच्या चकतीवरच असत. सीमेवरील संख्यांची ने-आण करावयाची झाली तर याहून सोयीस्कर तजवीज त्या काळी क्वचितच सापडली असती. तीन वर्षांत हे काम तडीस गेले, आणि परमची मालिका तेव्हापासून वाढत आली आहे.

परंतु आयुकाचे जे वैशिष्ट्य मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते तिच्या नावातच आहे: ती आंतरविद्यापीठीय आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणारा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक तपासण्याच्या उत्तरपत्रिका, परीक्षांचे पर्यवेक्षण आणि दफ्तराची कामे यांत पुरता जखडलेला असतो. त्याला ग्रंथालय नसते, संगणक नसतो, आणि बरोबरीने विचार करणारा सोबतीही बहुधा नसतो. आयुकाने अशा अध्यापकांना अभ्यागत सहयोगी म्हणून नेमण्याची प्रथा घातली. सुट्टीत यावे, राहावे, ग्रंथालय व संगणक वापरावेत, आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांस त्यात सहभागी करून घ्यावे. अदिश क्षेत्रांचे समीकरण सोडवण्यास दुर्बीण लागत नाही. म्हणून अशा अध्यापकाला हा विषय विशेष सोयीचा. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांनी या वाटेचा याहून कितीतरी अधिक उपयोग करून घ्यावा असे मी आग्रहाने म्हणेन.

मुलांच्या बाबतीतही नारळीकरांची वृत्ती हीच होती. स्वाक्षरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला ते पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवावयास सांगत. उत्तर येई आणि त्याखाली स्वाक्षरी असे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच्या दोनच महिने आधी, मार्चमध्ये, ॲरिझोनातील डेसी या वर्णपट-सर्वेक्षणाने लक्षावधी आकाशगंगांच्या मोजणीवरून असे सूचित केले होते की कृष्ण ऊर्जा कालानुसार क्षीण होत असावी. हा निष्कर्ष अद्याप निर्णायक मानला गेलेला नाही. तो टिकला तर कृष्ण ऊर्जेला अचल स्थिरांक मानून भागणार नाही, आणि काळाबरोबर बदलणाऱ्या अदिश क्षेत्राची नानाविध रूपे समीकरणात घालून, जाळे विणून, निरीक्षणांशी ताडून पाहावी लागतील.