गिटारमधून आलेला सिंथेसायझर

जुलै 1985मध्ये आयर्न मेडन या मेटल बँडचा 'वर्ल्ड स्लेव्हरी' दौरा कॅलिफोर्नियात संपला, तेव्हा बँड पुरता पिळून निघाला होता. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पोलंडमधून निघालेली ही मंडळी जवळजवळ 11 महिने वाजवत होती. गायक ब्रूस डिकिन्सनने नव्या अल्बमसाठी अकूस्टिक वळणाची गाणी आणली. बासवादक आणि बँडचा कर्ताधर्ता स्टीव्ह हॅरिसने ती बाजूला ठेवली. पण जुनंच पुन्हा वाजवायचं नाही, हेही पक्कं होतं. वाट सापडली ती गिटार सिंथेसायझरमध्ये.

तो काळ लक्षात घ्यायला हवा. मेटलच्या चाहत्यांना डीप पर्पलच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आपला वाटे, सिंथेसायझर मात्र पॉपवाल्यांचा. 1984मध्ये व्हॅन हेलनचं 'जंप' कीबोर्डच्या सुरावटीवर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि संशय आणखी वाढला.

मेडनचा गिटारवादक एड्रियन स्मिथने वापरलेलं रोलँडचं जीआर-700 हे यंत्र वाजवायचं गिटारवरूनच. खास पिकअप सहाही तारांची कंपनं वेगवेगळी टिपतो, यंत्र त्यावरून स्वर ओळखतं आणि सिंथेसायझरला तो वाजवायला लावतं. स्वर ओळखायला निदान एक पूर्ण कंपन तरी व्हावं लागतं. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनालाच 12 मिलिसेकंद जातात. खालच्या स्वरांवर यंत्र किंचित मागे राहतं ते यामुळे. धावत्या रिफला हे परवडणारं नाही. लांबवलेल्या स्वरांना मात्र त्याने वेगळाच रंग येतो.

सप्टेंबर 1986मध्ये आलेल्या मेडनच्या 'समव्हेअर इन टाइम' या अल्बममध्ये ही जाण ऐकू येते. 'कॉट समव्हेअर इन टाइम'च्या सुरुवातीला दोन गिटारी सिंथच्या धुक्यातून संथपणे वर येतात आणि मग हॅरिसचा बास चौखूर उधळतो. त्या दौडीला कुठेही लगाम बसलेला नाही. त्याच वर्षी जुडास प्रीस्टनेही 'टर्बो'मध्ये गिटार सिंथ वापरला. तो अल्बम खपला खूप, पण गाणीच रेडिओच्या मापाने बेतलेली असल्याने जुने चाहते दुखावले. मेडनने गाण्यांची लांबी, इतिहासाची ओढ, जोडगिटारीची वळणं, यातलं काहीच सोडलं नाही. 'अलेक्झांडर द ग्रेट' साडेआठ मिनिटांचं आहे!

खरं शिखर मात्र 1988चा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'. म्युनिकमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, भविष्य दिसणाऱ्या मुलाच्या कल्पनेभोवती गुंफलेला हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. इथे कीबोर्ड आले. जवळजवळ 10 मिनिटांच्या शीर्षकगीतात समूहगायनासारखे भासणारे कीबोर्डचे स्वर, गायकामागे तानपुरा असावा तसे, मागे भरून राहतात. मधल्या शांत भागात डिकिन्सन बोलू लागतो, तेव्हा त्या स्वरांमुळेच अंगावर काटा येतो. मैफलीत कीबोर्डची बाजू मायकल केनी सांभाळू लागला. तो हॅरिसचा बास तंत्रज्ञ.

पुढे 1990मध्ये स्मिथ बँडमधून बाहेर पडला आणि 'नो प्रेयर फॉर द डाइंग' या अल्बमने मुद्दाम साध्या, खरबरीत आवाजाची वाट धरली. ती माघार होती, असंच म्हणावं लागतं.

स्मिथ 1999मध्ये परतला. 1 फेब्रुवारी 2008ला मेडनने 'समव्हेअर बॅक इन टाइम' दौऱ्याची सुरुवात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात केली. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांना वाहिलेल्या या दौऱ्यात 'हेवन कॅन वेट', 'मूनचाइल्ड' आणि 'द क्लेअरव्हॉयंट' ही सिंथकाळातली गाणी होती. 'अलेक्झांडर द ग्रेट'ला मात्र आणखी थांबावं लागलं: ते रंगमंचावर पहिल्यांदा वाजलं 28 मे 2023 रोजी, स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानात.